दोराचं दुसरं टोक

आमच्या भागात राजानंदबद्दल कुणालाही विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "तो एकटा उतरतो." वाटूरच्या फाट्यावर चहा पिताना विचारा, आष्टीच्या बाजारात मोटर दुरुस्तीच्या दुकानात विचारा, उत्तर तेच. विहिरीत मोटर पडली, पाइपाच्या तोंडाचा फुटवॉल गाळात रुतला, की राजानंदला फोन जातो. हा माणूस मोटरसायकलवर येतो, कपडे काढून पायरीवर ठेवतो आणि पंचवीस-तीस फूट पाण्याच्या तळाला जाऊन येतो. एकदा एका माजी सरपंचाची कवळी त्याने गाळातून काढून दिली होती. सरपंचांनी ती तिथेच धुऊन तोंडात बसवली आणि मग आभाराचं भाषण केलं. लोक हे सगळं असं सांगतात की जणू स्वतःच बुडी मारून आले.

मी गप्प बसतो. कारण "तो एकटा उतरतो" हे वाक्य पहिल्यांदा बोललं गेलं ते माझ्या तोंडून, माझ्या विहिरीवर, आणि तेव्हा ते खोटं होतं.

मी काकासाहेब. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, त्यातली बरीचशी याच गावात. गावात सगळे गुरुजी म्हणतात. पोरांना खोटं बोलल्याबद्दल मी पुष्कळ छड्या मारल्या आहेत. त्या सगळ्यांनी आता एकेक परत आणून दिली तरी माझी काही तक्रार नाही.

राजानंद माझ्या हाताखाली चौथीला होता. गणितात बेताचा, पण पावसाळ्यात खदान भरली की शाळेपेक्षा तिकडेच जास्त. त्याचा बाप संपत त्याच खदानीवर दगड फोडायचा. पोराला पाण्याचं वेड आहे म्हटल्यावर त्याने आरडाओरडा केला नाही. पोराच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या हातात घेऊन काठावर बसला. मी एकदा तिकडून सायकलवर चाललो होतो. "काय संपत, बरं आहे का?" असं विचारलं, तर त्याने मान वळवली नाही की हूं की चूं केलं नाही. मला भयंकर राग आला. मास्तरने हाक मारावी आणि खदानीवरच्या माणसाने ओ देऊ नये! चार दिवस मी तो राग घरीदारी बोलून दाखवला. नंतर कुणीतरी सांगितलं, त्या वेळी पोरगं पाण्याखाली होतं.

बाप गेल्यावर दोर धरायला राजानंदची बायको बेबीनंदा जायची. ती अंगणवाडीत लागली तेव्हापासून राजानंदने नवा नियम केला. ज्याची विहीर, त्यानेच दोर धरायचा. मालकाने "माझा गडी धरील" म्हटलं की हा सरळ मोटरसायकलला किक मारायचा.

"गडी तंबाखू मळायला हात सोडतो, गुरुजी," तो मला म्हणाला होता. "ज्याची मोटर खाली हाय त्याची नजर बिलकुल हालत न्हाई. एक हिसका दिला की मी बरा हाय, सैल सोडा. दोन हिसके आले की काही इचारायचं न्हाई, जीव खाऊन ओढायचं. खाली वायरी असतात, बाभळीच्या फांद्या असतात, कशात पाय गुतंल सांगता येत न्हाई. एकट्यानं पान्यात उतरनं म्हंजे येडेपना हाय."

हे त्याचे शब्द आहेत. एकट्याने उतरणं म्हणजे वेडेपणा. आता आठवले की मान खाली जाते.

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझी मोटर पडली. विहीर आजोबांच्या वेळची, मोठी, पायऱ्यांची. मी लहान असताना त्या पायऱ्यांच्या वर राजानंदची आजी झुंबरबाई रिकामी घागर घेऊन बसायची. आमच्यापैकी कुणी येईल आणि वरून घागरीत पाणी ओतेल म्हणून ती वाट बघायची. पायरी उतरायची तिला परवानगी नव्हती. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि घाई आहे म्हणून तिला तशीच बसवून पुढे गेलेलोही आहे. तर त्या विहिरीच्या तळाला हात लावणारा आमच्या माहितीतला पहिला माणूस म्हणजे तिचा नातू.

त्याच दिवशी दुपारी माझ्या मुलीला, आकांक्षाला बघायला आष्टीहून पाहुणे यायचे होते. एक वाजता येणार होते. पाणी नाही आणि पाहुणे येणार, म्हणून मी राजानंदला सकाळीच बोलावून घेतलं. अंगात बनियन, खाली टॉवेल, कमरेभोवती दोराचा वेढा, अशा अवतारात मी काठावर बसलो. तो दोनदा खाली जाऊन आला. मोटर सापडली होती, पण ती जुन्या वायरींच्या गुंत्यात पडली होती. तिसऱ्यांदा श्वास भरून तो गेला, आणि बांधावर गाडीचा हॉर्न वाजला.

पाहुणे दोन तास आधी आले होते. जांबच्या देवळात दर्शन लवकर झालं म्हणून सरळ शेतावरच आले.

खोटं कशाला सांगू, मी क्षणभर सुद्धा विचार केला नाही. कमरेचा दोर सोडला, शेजारच्या कडुलिंबाला गाठ मारली आणि सदरा हुडकत धावलो. लाज वाटली ती बनियनची, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. पण ती नुसती बनियनची नव्हती. राजानंदच्या कमरेचा ओला दोर माझ्या कमरेला बांधलेला होणाऱ्या सोयऱ्यांनी पाहावा, हे मला नको होतं. सोयरीक करताना माणसं काय काय बघतात ते मला माहीत होतं, कारण मीही तेच बघत होतो.

सदरा घातला, टोपी ठेवली, पाहुण्यांना सामोरा गेलो. मुलाचे वडील साहेबराव, मुलगा सूरज, आणखी दोघं. रामराम झाले. आणि माझी हौस बघा, मी म्हटलं, "आलाच आहात तर विहीर बघून घ्या, पाणी कसं आहे ते." पाहुण्यांना पाणी दाखवण्याची आम्हाला फार हौस असते. पोरीच्या बापाने भरलेली विहीर दाखवली की निम्मं बोलणं झाल्यासारखं वाटतं. मी सगळ्यांना घेऊन ऐटीत काठावर गेलो.

राजानंद खालच्या पायरीवर ओणवा पडून पाणी ओकत होता. नाकातून रक्त येत होतं. डाव्या घोट्याची कातडी सोलून निघाली होती. वायरींच्या वेटोळ्यातून पाय उपसून काढला होता त्याने. कडुलिंबाकडे माझं लक्ष गेलं. दोराने साल इतकी घासली होती की आतला ओला भाग उघडा पडला होता. दोन हिसक्यांनी एवढी साल निघत नाही.

"अरे बापरे," साहेबराव म्हणाले. "हा एकटाच उतरला का? वर कुनी न्हाई?"

त्या वेळी मी खरं बोलू शकलो असतो. "दोर माझ्याकडे होता, मी सोडून आलो." एवढंच एक वाक्य. छत्तीस वर्षं मी पोरांकडून असली वाक्यं पाठ करून घेतली होती.

"हा एकटाच उतरतो," मी म्हणालो. "त्याला कुणी लागत नाही."

राजानंदने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग नाकाचं रक्त मनगटाने पुसलं आणि म्हणाला, "व्हय. एकटाच."

सूरजला फार कौतुक वाटलं. त्याने मोबाइल काढून त्याचं चित्रण केलं, पुन्हा एकदा बुडी मारायला सांगितलं. आणि राजानंदने मारली. त्या सोललेल्या पायाने तो पुन्हा गेला, मोटरला दोर बांधून आला. कमरेला त्या वेळी काही नव्हतं. तो व्हिडिओ आठ दिवसांत सगळ्या तालुक्यात फिरला. सोयरीक जुळली. लग्नात राजानंदला मी टॉवेल-टोपी दिली आणि त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

त्या दिवसापासून त्याने कुणाच्याही हातात दोर दिला नाही. लोकांना वाटलं, आता हा फारच तयार झाला. व्हिडिओमुळे गिऱ्हाईक वाढलं, मालकांनाही बरं झालं, काठावर ताटकळत बसायला नको. वाटूरच्या एका विहिरीवर तो वर येऊन अर्धा तास बेशुद्ध पडला होता आणि मालक घरी चहा पीत होता. ते ऐकलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी गेलं, हेही सांगून टाकतो.

एकदा बेबीनंदाने मला अंगणवाडीपुढे थांबवलं. "गुरुजी, तुमचं ऐकतेत ते. जरा समजावून सांगा ना. म्या म्हनते, सुट्टी काढून येते दोर धरायला, तर नगं म्हनतेत. पहिले असे नव्हते. कुनाचं काय बिनसलं कळंना."

"सांगतो," मी म्हणालो.

तिला काही माहीत नव्हतं. त्याने घरी सुद्धा माझं नाव घेतलं नव्हतं. मी तिथून सरळ घरी गेलो. आणि सांगितलं मात्र काहीच नाही.

मग या दिवाळीला आकांक्षा आणि सूरज आले. दोघं तारकर्लीला जाऊन आले होते, समुद्रात स्कूबा का काय ते केलं होतं. जेवताना तेच चाललं होतं.

"बाबा, तिथं पहिली गोष्ट हीच शिकवतात," आकांक्षा म्हणाली. "जोडीदाराशिवाय पाण्यात जायचं न्हाई. उतरायच्या आधी त्यानं आपली टाकी बघायची, आपण त्याची बघायची. खाली गेल्यावर नजरेआड व्हायचं न्हाई. एकानं वर चला अशी खूण केली की दुसऱ्यानं कारण विचारायचं न्हाई, बराबर वर यायचं."

"ते आपल्यासारख्या नवख्यांसाठी," सूरज म्हणाला. "तयार मानसं एकटीच जातात. जोडीदार घाबरट निघाला तर त्याचंच ओझं होतं. आपले राजानंदमामा बघ की."

"तेच तर मी म्हणते. राजानंदमामा एवढे हुशार, मंग एकटे का जातात? त्यांना कधी कुणी दगा दिला असंल का?"

"दगा देणाऱ्यापेक्षा एकटं बरं."

"न्हाई, चांगला जोडीदार बघावा. बाबा, तुम्ही सांगा, तुमची मोटर त्यांनीच काढली होती ना?"

"मला काय कळतं त्या स्कूबातलं," मी म्हणालो आणि हात धुवायला उठलो. ताटात पुरी तशीच होती. द्वारकाबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

पोरं गेली आणि मी एक गोष्ट केली. मास्तर माणसाला सुचावी अशीच ती होती. आपण चुकीची दुरुस्ती करू, तोच प्रश्न पुन्हा सोडवू, असं मला वाटलं. सकाळी शेतावर गेलो, मेन स्विच बंद केला, मोटरच्या पाइपाची पट्टी ढिली केली आणि मोटर ज्याला टांगलेली होती तो नायलॉनचा दोर विळ्याने कापला. मोटर धप्पकन गेली. थोडा वेळ बुडबुडे आले. मग मी राजानंदला फोन लावला.

"राजानंद, मोटर पडली. या वेळी दोर मी धरतो."

पलीकडून मोटरसायकल बंद केल्याचा आवाज आला.

"येतो," तो म्हणाला.

माझ्या मनाचं समाधान व्हावं म्हणून मी त्याला पुन्हा त्याच वायरींमध्ये घालतोय, हे फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात आलं. तरी मी पुन्हा फोन करून "येऊ नको" म्हटलं नाही. मला ती संधी हवी होती.

तो आला. वरच्या आडव्या खांबाला दोराचा तुकडा लोंबत होता, त्याच्या टोकावरून त्याने अंगठा फिरवला. कपडे काढले. मी दोर पुढे केला तसा तो थांबला, मग घेतला आणि माझ्यासमोर कमरेला बांधला.

"बराबर धरा, गुरुजी."

"डोळ्याची पापणी हलवणार नाही," मी म्हणालो.

तो पायऱ्या उतरून पाण्यात शिरला. दोर सरसर गेला आणि थांबला. मी उरलेला ढिलेपणा ओढून घेतला, तसा तो ताठ झाला. मनगटाला दोन वेढे दिले. बांधावरून कुणीतरी मला हाक मारली, मी मान वळवली नाही. संपत कसा बसायचा तसा बसलो होतो. मधेच मी अलगद एक हिसका दिला, बरा आहेस ना म्हणून. दोर तसाच घट्ट राहिला. मला वाटलं, तोही पलीकडून धरून आहे. माझे डोळे भरून आले. चार वर्षांत पहिल्यांदा मला मोकळं वाटलं.

तो वर आला, खांद्याएवढ्या पाण्यात भिंतीला धरून दम घेतला, पुन्हा गेला. तीन वेळा. मग मोटरला बांधलेला दुसरा दोर त्याने वर दिला, शेजारच्या शेतातून दोघं जण आले, कप्पीवरून मोटर काढली आणि आपापल्या कामाला गेले. राजानंद पायऱ्या चढून वर आला.

त्याच्या कमरेला काहीच नव्हतं. माझा दोर मात्र अजून तसाच, माझ्या मनगटापासून पाण्यात गेलेला, ताठ. मी ओढून पाहिला. तसूभर हलला नाही.

"राजानंद, दोर?"

"खाली हाय. तुमच्या जुन्या इंजिनाचा लोखंडी पाइप हाय ना, त्याला बांधला. पान्यात गेल्या गेल्या."

"का?"

तो केस पुसत होता. "तुमच्या हाताला वजन लागावं म्हनून. तुमी मन लावून धरून राह्यले होते."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोसला असता.

मग त्याने खांबावरचा तो तुकडा सोडून माझ्या हातात दिला. "आन हे. नायलॉन तुटलं की त्याच्या झिपऱ्या व्हतात. हे कापलेलं हाय, गुरुजी. आल्या आल्या पाह्यलं मी."

"पाहिलंस? मग उतरलास कशाला?"

"तुमी बोलावलं म्हनून."

"मला तुझ्याशी बोलायचं होतं," मी म्हणालो. "त्या दिवशी पाहुणे आले आणि मी..."

"ते म्हाईत हाय मला." तो शर्टाची बटणं लावत होता. शेवटचं बटण लावून झाल्यावर म्हणाला, "बोलायचं होतं तर घरी यायचं ना, गुरुजी. पानी कशाला मधी घातलं?"

मोटरसायकलचा आवाज बांधापलीकडे गेला. मी तिथेच बसून राहिलो. मनगटाचा, पाण्यात गेलेला दोर कुठे ठेवावा कळेना, म्हणून उठून कडुलिंबाला बांधला. गाठ मारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते.

त्याचं घर शाळेच्या मागे आहे, माझ्या दारापासून चारशे पावलं. छत्तीस वर्षांत मी तिथे एकदाच गेलो, पटनोंदणीला, तेही दारापर्यंत. बेबीनंदाने तांब्या-भांडं आणलं होतं आणि मी "आत्ताच प्यालो" म्हणून वहीत तोंड घातलं होतं. तहान लागली होती. उन्हाळ्याचे दिवस होते.

या गोष्टीला आज अठरा दिवस झाले. रोज संध्याकाळी सदरा घालून निघतो. शाळेच्या कोपऱ्यापर्यंत जातो. तिथून त्याचं दार दिसतं, दारातल्या चपला दिसतात, कधी बेबीनंदाचा आवाज ऐकू येतो. आत गेलो तर ती पाणी आणील. मग मी बसेन, पाणी पिईन आणि तिच्यासमोर ते एक वाक्य बोलावं लागेल. मी माघारी फिरतो. द्वारकाबाई विचारतात, कुठे गेला होतात, तर म्हणतो, जरा पाय मोकळे करून आलो.

आज सकाळी राजानंदची मोटरसायकल वाटूरच्या रस्त्याने गेली. कुणाची तरी मोटर पडली असणार. मी ओसरीवर पेपर वाचत होतो. त्याने मला हात केला, मीही केला. मागच्या सीटवर कुणी नव्हतं.